कॅन्यन सूट प्रकरण : ओ’कीफच्या नावावरचे २८ जलरंग आणि त्यांची किंमत

टेक्सासच्या उत्तर टोकाला, अमारिलोच्या दक्षिणेला कॅन्यन नावाचं गाव आहे. अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओ’कीफ (१८८७–१९८६) १९१६ च्या सप्टेंबरपासून १९१८ च्या सुरुवातीपर्यंत तिथल्या वेस्ट टेक्सास स्टेट नॉर्मल कॉलेजात चित्रकला शिकवत होत्या. अमेरिकन आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात ही दीड वर्षं फार मोलाची मानली जातात. ‘ईव्हनिंग स्टार’ आणि ‘लाइट कमिंग ऑन द प्लेन्स’ या १९१७ च्या जलरंगमालिका तिथल्याच. त्यामुळे १९८६ मध्ये त्यांचं निधन झाल्यावर, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, त्याच गावाशी संबंध सांगणारे २८ जलरंग पुढे आले तेव्हा बाजाराचे कान टवकारले. सांगितलं गेलं ते असं : गाव सोडताना ओ’कीफ यांनी हे कागद एका विद्यार्थी-मित्राला दिले आणि ते त्याच्या घरात गुंडाळून पडून राहिले.

सांता फे इथल्या जेराल्ड पीटर्स गॅलरीमार्फत हा संच कॅन्सस सिटीच्या केम्पर संग्रहालयाकडे गेला. किंमत सुमारे ५० लाख डॉलर. संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झालं आणि ‘कॅन्यन सूट’ या नावाने ओळखला जाणारा हा संच त्याचं मोठं आकर्षण ठरला. १९९५ मध्ये संचावर स्वतंत्र सचित्र पुस्तक निघालं. १९९९ मध्ये वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट आणि ओ’कीफ फाउंडेशन यांनी मिळून ओ’कीफ यांच्या दोन हजारांहून अधिक कामांचा दोन खंडांचा कॅटलॉग रेझोने, म्हणजे समग्र प्रमाणित सूची, प्रसिद्ध केली. संपादक होत्या बार्बरा बुहलर लाइन्स. २८ पैकी एकही चित्र त्या सूचीत नव्हतं. गॅलरीने रक्कम परत केली.

ओळख पटवणं आणि किंमत ठरवणं ही दोन कामं वेगळी, आणि त्यांचा क्रम उलटला की काय होतं हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं प्रकरण सापडणं कठीण.

कहाणी इतकी चपखल का बसली

ओ’कीफ सुरुवातीच्या कागदांवर सहसा सही करत नसत. नंतरच्या काळातही चित्राच्या दर्शनी बाजूला सही क्वचितच. कधी पाठीमागे पंचकोनी तारा आणि त्यात ‘ओके’ ही आद्याक्षरं. त्यामुळे सही नसणं हा इथे दोष ठरत नाही, उलट सही असती तर शंका यायला हवी होती. जुनी कामं त्या नष्टही करत आणि मित्रांना देतही. शिवाय कॅन्यनमधल्या दिवसांत त्यांनी भरपूर काम केलं हे पत्रांवरून कळतं. म्हणजे ‘अजून काही कागद कुठेतरी असतील’ ही शक्यता खरीच होती.

धोका नेमका इथेच असतो. ज्या चित्रकाराच्या आयुष्यात अशी मोकळी जागा असते, तिथे कोणतीही वस्तू सहज बसते. मूल्यांकन करणाऱ्याने कहाणी ऐकून घ्यावी, तारखेसह लिहून ठेवावी, सांगणाऱ्याची सही घ्यावी आणि मग ती बाजूला ठेवावी. ती पुरावा नाही. तपासायची यादी तिच्यातून मिळते, एवढाच तिचा उपयोग.

यादी अशी निघते. त्या मित्राची आणि ओ’कीफ यांची ओळख होती का? कॉलेजच्या नोंदींतून आणि पत्रांतून हे कळू शकतं. समजा ओळख होती. तरी ओळखीवरून भेट सिद्ध होत नाही, आणि भेट मिळाली असली तरी समोरचा कागद तोच, हे सिद्ध होत नाही. या तीन पायऱ्या लोक एका उडीत ओलांडतात. नंतरची सत्तर वर्षं कशावर उभी आहेत? जुनी छायाचित्रं, विम्याची यादी, मृत्युपत्रातली नोंद, फ्रेमवाल्याचं बिल, घर बदलताना केलेली सामानाची यादी, यांपैकी ओ’कीफ प्रसिद्ध झाल्यानंतरच्या काळातलं पण विक्रीचा विचार सुरू होण्याआधीचं काहीतरी हवं. विक्रीच्या वर्षी केलेलं प्रतिज्ञापत्र त्या वर्षाचंच असतं, १९१८ चं नव्हे.

एक मोठा पुरावा त्या काळी बंद होता हेही लक्षात घ्यायला हवं. ओ’कीफ आणि त्यांचे पती, छायाचित्रकार व गॅलरीचालक आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांचा सुमारे २५,००० पानांचा पत्रव्यवहार येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहे. ओ’कीफ यांच्या मृत्यूनंतर २० वर्षं तो मोहोरबंद राहायचा होता. २००६ मध्ये तो खुला झाला. ज्या काळात संच विकला गेला त्या काळात खरेदीदाराला ही पत्रं उघडून पाहता येत नव्हती. पण कागद पाहता येत होता.

कागद

खात्रीची कामं आधी पाहू. फोर्ट वर्थच्या आमॉन कार्टर संग्रहालयातले ‘लाइट कमिंग ऑन द प्लेन्स’ आणि न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयामधला ‘ईव्हनिंग स्टार क्र. ३’ यांचं माप जवळजवळ सारखं आहे : ८ ७/८ × ११ ७/८ इंच, म्हणजे अंदाजे २२.५ × ३०.२ सेंटिमीटर. एक उभा, एक आडवा, एवढाच फरक. यावरून लगेच कळतं की हे ९ × १२ इंची पॅडचे ताव आहेत. आमॉन कार्टरमधले ताव न्यूजप्रिंटचे आहेत, शाळेत सरावाला वापरतात तसा पातळ, स्वस्त कागद. पगारावर जगणारी शिक्षिका लहान गावात जे मिळेल ते वापरणार, हे यामागचं साधं कारण. कॅटलॉगच्या कामात नॅशनल गॅलरीच्या पेपर कॉन्झर्व्हेटर, म्हणजे कागदावरच्या कलाकृतींचं जतन करणाऱ्या तज्ज्ञ, जूडिथ वॉल्श यांनी ओ’कीफ यांच्या कागदावरच्या कामांचं असं पद्धतशीर सर्वेक्षण केलं : कोणत्या वर्षी कोणता कागद, कोणत्या मापाचा, कोणत्या बनावटीचा. हा तक्ता तयार झाल्यावर कॅन्यन सूट त्याच्याशेजारी ठेवता आला, आणि जुळेना. संचातले काही कागद ओ’कीफ कॅन्यनमध्ये होत्या त्या काळानंतरचे निघाले. चित्र कागदाहून जुनं असू शकत नाही, त्यामुळे त्यापुढे शैलीवर वाद घालण्यात अर्थ उरला नाही.

अशी तपासणी करायला प्रयोगशाळा लागते हा समज चुकीचा आहे. पहिला टप्पा टेबलावर होतो, आणि तिथेच बरीच प्रकरणं संपतात.

चित्र फ्रेममधून आणि माउंटमधून बाहेर काढावं. फ्रेममध्ये पाहून दिलेलं मत म्हणजे मत नव्हेच. ताव पूर्ण खालपर्यंत चिकटवलेला असेल तर सुटा करण्याचं काम कॉन्झर्व्हेटरकडे द्यावं, स्वतः पाणी लावू नये. माप चारही बाजूंनी घ्यावं, कारण हाताने कापलेला ताव क्वचितच काटकोनात असतो. समोरासमोरच्या बाजूंत २–३ मिलिमीटरचा फरक सापडला तर तो मोठ्या तावातून कापला असण्याची शक्यता असते. पॅडमधून काढलेल्या तावाच्या एका कडेला डिंकाचा अंश किंवा फाटलेले तंतू राहतात. मायक्रोमीटरने चारही कोपऱ्यांत जाडी मोजावी. न्यूजप्रिंट साधारण ०.०७ ते ०.०९ मिलिमीटर भरतो, जलरंगाचा ३०० ग्रॅमचा जाड कागद अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जातो. इतक्या फरकात चूक होत नाही.

मग प्रकाश. दिवा कागदाच्या जवळजवळ समांतर, १०–१५ अंशांवर धरला की पोत, घड्या, पेन्सिलचे दाब आणि पाण्याने आलेल्या सुरकुत्या दिसतात. पातळ न्यूजप्रिंटवर पाण्याचा रंग चढवला की कागद हमखास चुरगळतो. तो सपाट आणि गुळगुळीत असेल तर एक तर नंतर दाबला आहे किंवा कागद वेगळा आहे. पाठीमागून प्रकाश टाकला की वॉटरमार्क, तंतूंची दाटी आणि जाळीच्या खुणा दिसतात. वॉटरमार्क सापडलाच तर गिरणीच्या नोंदींवरून त्याचं वर्ष शोधता येतं. हा सर्वात बळकट पुरावा, आणि स्वस्तही.

त्यानंतर अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घातले जाणारे ऑप्टिकल ब्राइटनर चाळीस-पन्नासच्या दशकांपासून कागदात येऊ लागले. ते असतील तर ताव निळसर-पांढरा झगमगतो, आणि १९१७ चा दावा तिथेच कोसळतो. पण इथे दोन चुका वारंवार होतात. झगमगाट नाही म्हणून कागद जुना, असा निष्कर्ष काढला जातो. ब्राइटनर नसलेला कागद आजही मिळतो, त्यामुळे या परीक्षेत फक्त नापास करता येतं, पास करता येत नाही. दुसरी चूक म्हणजे मूळ तावाऐवजी मागे चिकटवलेला नवा आधार-कागद चमकतो आणि चांगलं चित्र उगाच बाद होतं. फाटलेल्या कडेवर, जिथे मूळ तंतू उघडा आहे, तिथे पाहावं.

वयाने येणारा तपकिरीपणा हाही नीट वाचायला लागतो. लाकडाच्या कच्च्या लगद्याचा कागद कपाटाच्या फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्रासारखा पिवळतो : कडा आधी, मधला भाग नंतर, आणि हवा-उजेड पोचला तिथे जास्त. चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ केलेला कागद सगळीकडे सारखाच रंगतो, आणि भिंगाखाली तंतूंच्या सांध्यांत गाळ दिसतो. कॅन्यन सूटसारख्या दाव्यात आणखी एक प्रश्न विचारता येतो, तो फारसा कुणी विचारत नाही. आम्लधर्मी कागद शेजारच्या कागदाला डागाळतो. इतके ताव अनेक दशकं एकाच गठ्ठ्यात राहिले असतील तर त्यांनी एकमेकांवर सावल्या उमटवलेल्या असायला हव्यात : लहान तावाची चौकट मोठ्या तावावर, दाट रंगाचा डाग मागच्या तावाच्या पाठीवर. आणि वरचा व खालचा ताव बाकीच्यांपेक्षा जास्त करपलेला. या खुणांवरून गठ्ठ्याचा मूळ क्रमसुद्धा लावता येतो. त्या नसतील तर ‘एकत्र गुंडाळून ठेवले होते’ हे विधान तपासाला उभं राहत नाही.

दुसरा टप्पा प्रयोगशाळेचा. कडेवरून एक मिलिमीटरहूनही लहान तंतूंचा नमुना घेऊन त्यावर ग्राफ-सी रंगद्रव टाकतात. कच्चा लाकडी लगदा गडद पिवळा दिसतो, चिंध्यांचा लगदा लालसर, रासायनिक लगद्याच्या छटा निराळ्या. फ्लोरोग्लुसिनॉल या रसायनाने लिग्निन, म्हणजे लाकडातलं बांधणारं द्रव्य, असलेला तंतू गुलाबी-लाल होतो. हा थेंब सुट्या तंतूवर टाकतात, चित्रावर कधीच नाही, डाग जात नाही. रंगांसाठी क्ष-किरण फ्लुओरेसन्स (यातून मूलद्रव्यं कळतात) आणि रामन वर्णपट (यातून नेमकं रंगद्रव्य कळतं). १९१७ चं निळं म्हणजे प्रशियन, अल्ट्रामरीन, कोबाल्ट किंवा सेरुलियन. थॅलो निळा हा कृत्रिम रंग १९३५ मध्ये बाजारात आला, थॅलो हिरवा त्यानंतर काही वर्षांनी. थॅलोमध्ये तांबं असतं, म्हणून क्ष-किरण यंत्र फक्त ‘तांबं’ सांगतं आणि ते जुन्या तांब्याच्या हिरव्यातूनही येऊ शकतं. नक्की करायला रामन लागतो. जलरंगाचा थर इतका पातळ असतो की यंत्र खालच्या कागदातली मूलद्रव्यंही वाचतं. टायटॅनियम, म्हणजे नंतरच्या काळातल्या पांढऱ्या रंगाची खूण, सापडलं म्हणून ओरडण्याआधी ते रंगातलं आहे की कागदाच्या भरणातलं, हे रंग नसलेल्या कोपऱ्यावर मोजून पाहावं.

शैलीची तुलना या सगळ्यानंतर. तिला मी कमी लेखत नाही, पण ती शेवटी यावी. ‘ईव्हनिंग स्टार’मध्ये लाल-निळ्या पट्ट्यांच्या मध्ये कोऱ्या कागदाच्या बारीक रेघा राखल्या आहेत, ओला रंग शेजारी वाहू नये म्हणून. आर्थर वेस्ली डाऊ यांच्याकडे शिकलेली भरलेल्या आणि रिकाम्या जागेच्या तोलाची शिस्त त्यात दिसते. तुलना करायची तर अशा हाताच्या सवयींची करावी : रंग कुठे थांबवला, ब्रश कुठे उचलला, कोरी जागा आधी ठरवलेली आहे की उरलेली आहे. विषय कुणीही उचलू शकतो. कॅन्यन गावातलं सपाट क्षितिज आणि पालो दुरोची दरी तिथे राहणाऱ्या प्रत्येक हौशी चित्रकाराला दिसत होती, आणि ओ’कीफ यांच्या वर्गात शिकलेल्यांनी त्यांच्याच पद्धतीने चित्रं काढली असणंही स्वाभाविक आहे. बाद ठरलेलं प्रत्येक चित्र बनावट नसतं. फसवण्याच्या हेतूशिवाय काढलेलं दुसऱ्या कुणाचं तरी चित्र चुकीच्या नावावर चढू शकतं. अहवालात ‘हे अमुक यांचं दिसत नाही’ एवढंच लिहावं, हेतूबद्दल शब्द काढू नये.

किंमत कुठे चुकते

५० लाख डॉलर म्हणजे दर तावामागे अंदाजे १ लाख ८० हजार. खात्रीच्या ओ’कीफ जलरंगाच्या मानाने हा आकडा वेडगळ नव्हता. म्हणूनच तो घातक होता. आकडा पटण्यासारखा असला की त्याच्या पायाबद्दल कुणी विचारत नाही.

अमेरिकेत मूल्यांकनाचे जे व्यावसायिक नियम आहेत, त्यांना यूस्पॅप म्हणतात. त्यात मूल्यांकनकार हा चित्र कुणाचं ते प्रमाणित करणारा तज्ज्ञ नव्हे. कर्तृत्व, म्हणजे चित्र कुणी काढलं ते, गृहीत धरून किंमत काढली असेल तर अहवालात तसं ठळक नोंदवावं लागतं : हे चित्र अमुक चित्रकाराचं आहे असं गृहीत धरलं आहे, आणि गृहीतक खोटं ठरल्यास किंमत बदलेल. हे वाक्य शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांत गाडू नये, आकड्याच्या शेजारी असावं. कामाची फाइल किमान ५ वर्षं जपून ठेवावी लागते.

किंमत कशासाठी काढायची हेही आधी ठरवावं. विम्यासाठी दुकानातून तशीच वस्तू पुन्हा घेण्याचा खर्च धरतात. वारसा कर आणि देणगीसाठी खुल्या बाजारभावाचा निकष आहे, राजीखुशीने घेणारा आणि राजीखुशीने देणारा यांच्यात ठरेल तो. एकाच चित्राच्या या दोन आकड्यांत मोठं अंतर असू शकतं, आणि एकाचा अहवाल दुसऱ्यासाठी वापरणं ही सर्रास दिसणारी चूक. तुलनेसाठी लिलावातले निकाल घेताना तेच माध्यम, तोच काळ, जवळपास तेच माप असावं. ओ’कीफ यांचं ‘जिम्सन वीड/व्हाइट फ्लॉवर क्र. १’ हे १९३२ चं तैलचित्र २०१४ मध्ये सदबीज या लिलावगृहात ४ कोटी ४४ लाख डॉलरला गेलं. १९१७ च्या न्यूजप्रिंटवरच्या जलरंगाची किंमत काढताना या आकड्याचा उपयोग शून्य.

संच असेल तर आणखी एक वजावट येते, आणि तिचं सर्वात गाजलेलं उदाहरण योगायोगाने ओ’कीफ यांच्याच इस्टेटीचं, म्हणजे मृत्यूनंतर मागे राहिलेल्या मालमत्तेचं, आहे. मृत्यूच्या वेळी त्यांच्याकडे स्वतःच्या सुमारे ४०० कलाकृती होत्या. एकेक सुटी धरून केलेली बेरीज सुमारे ७ कोटी २७ लाख डॉलर. पण सगळ्या एकदम बाजारात आल्या तर भाव पडणार, म्हणून इस्टेटीने मोठी सूट मागितली आणि कर खात्याने ती नाकारून लहान देऊ केली. अमेरिकी कर न्यायालयाने १९९२ मध्ये मधला मार्ग काढला : निम्म्या मूल्याला, जी कामं तुलनेने लवकर विकली जातील त्यांना, २५ टक्के सूट, उरलेल्या निम्म्याला ७५ टक्के. म्हणजे एकूण मूल्य निम्म्यावर आलं. २८ जलरंगांच्या संचाला नुसतं ‘एकाची किंमत गुणिले २८’ असं करता येत नाही ते यामुळे. संग्रहालयासाठी संचाचं अखंडपण जादा मोलाचं असू शकतं, पण तो एका ग्राहकाचा भाव झाला, बाजाराचा नव्हे.

कर्तृत्व गेल्यावर किंमत उतरते कशी, तर उतरत नाही, कोसळते. ‘ओ’कीफ यांचं’ आणि ‘ओ’कीफ यांच्या नावे सांगितलं जाणारं’ यांत लिलावाच्या कागदावर दोनतीन शब्दांचा फरक असतो. कॅटलॉग रेझोनेत नसलेला कागद मोठं लिलावगृह त्या नावाने घेतच नाही. उरते ती सजावटीची किंमत.

आज असा ताव हाती आला तर

पहिलं काम कॅटलॉगमध्ये शोधण्याचं. छायाचित्र, माप, कागदाचं वर्णन आणि मालकीची साखळी जुळवून पाहावी. सापडलं तर समोरचा ताव तोच आहे का, की त्याचं छापील पुनरुत्पादन, हे भिंगाखाली ठिपके पाहून ठरवावं. दहा मिनिटांत कळतं. ओ’कीफ फाउंडेशन २००६ मध्ये विसर्जित होऊन त्याचा ठेवा सांता फेच्या जॉर्जिया ओ’कीफ संग्रहालयाकडे गेला, तेव्हा संशोधनासाठी त्याच दाराशी जावं. पाठीमागे गॅलरीचं लेबल असेल तर पत्ता आणि वर्ष जुळवावं : स्टिग्लिट्झ यांची २९१ ही गॅलरी १९१७ मध्ये बंद झाली, इंटिमेट गॅलरी १९२५ ते १९२९, आणि ५०९ मॅडिसन अव्हेन्यूवरची ‘ॲन अमेरिकन प्लेस’ १९२९ पासून. १९१६ च्या चित्रावर ‘अमेरिकन प्लेस’चं लेबल असणं चूक नाही, चित्र पुढे तिथून गेलं असेल, पण लेबलाच्या कडेखालचा पाठ-कागद आजूबाजूच्या पाठीइतकाच पिवळा असेल, तर लेबल अलीकडे चिकटवलं आहे.

देणगी द्यायची असेल तर अमेरिकेतले आकडे पाठ असावेत. ५,००० डॉलरच्या वर पात्र मूल्यांकनकाराचा अहवाल आणि कर खात्याचा फॉर्म ८२८३. कलाकृतीसाठी २०,००० किंवा अधिक वजावट मागितली तर पूर्ण अहवाल विवरणपत्राला जोडायचा. अहवाल देणगीच्या ६० दिवसांहून आधीचा नको. ५०,००० आणि त्यावरच्या कलाकृती कर खात्याच्या कलासल्लागार मंडळाकडे जाऊ शकतात. दाखवलेली किंमत खऱ्या किमतीच्या १५० टक्के किंवा अधिक निघाली तर कमी भरलेल्या करावर २० टक्के दंड, २०० टक्के किंवा अधिक निघाली तर ४० टक्के.

विकत घ्यायचं असेल तर करार आधी वाचावा. कॅन्यन सूटमध्ये पैसे परत मिळाले, पण ते गृहीत धरू नये. अमेरिकेतल्या सर्वसाधारण व्यापार कायद्यानुसार मालाच्या हमीचा दावा माल ताब्यात मिळाल्यापासून ४ वर्षांत करावा लागतो. मोठी लिलावगृहं कर्तृत्वाची हमी ५ वर्षं देतात. या संचाच्या विक्रीनंतर कॅटलॉग यायला त्याहून जास्त वर्षं गेली. ज्या चित्रकाराचा कॅटलॉग अजून तयार होत आहे, तिथे करारात स्वतंत्र कलम घालून घ्यावं : कॅटलॉग प्रसिद्ध होईपर्यंत हमी चालू राहील, कोणाचा निर्णय अंतिम मानायचा ते नावानिशी लिहिलेलं असेल, चित्राचा समावेश न झाल्यास पूर्ण रक्कम किती दिवसांत परत मिळेल, आणि तोवर रकमेचा ठराविक हिस्सा त्रयस्थाच्या खात्यात राहील. विक्रेता या कलमाला तयार नसेल तर भाव ‘नावे सांगितलं जाणारं’ या पायरीचाच द्यावा.